ग्लासाच्या बाहेर पाणी आलं कुठून? (वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

गेल्या अंकात मुलांच्या प्रयोगवहीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आले आणि बहुतेकांचा सूर एकच होता की मुलं बघतात खूप पण बघितल्यावरून पुढे काय म्हणायचं ते त्यांना जमत नाही. त्यातले पाच प्रश्न इथे घेतेय.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असतात. मुलं निरीक्षणात आणि अनुमानात एकच वाक्य दोनदा लिहितात, नाहीतर गाइडमधून उतरवतात. काहींचं तर प्रयोग व्हायच्या आधीच अनुमान लिहून तयार असतं! स्वतःचं अनुमान काढायला कसं शिकवू? – एक शिक्षिका, रायगड जिल्हा

ताई, मी २६ वर्षं पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवलं आणि त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्याकडेही हेच चालायचं, ४० वह्या आणि ४० वह्यांत तेच एक वाक्य. यात मुलांचा दोष नाही हो. तास संपायला पाच मिनिटं उरलेली असतात, आपण फळ्यावर 'अनुमान' लिहून देतो, आणि मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की अनुमान म्हणजे बाईंच्या मनातलं वाक्य, ते ओळखायचं नाहीतर उतरवायचं.

म्हणून पहिले आठ दिवस वही बाजूलाच ठेवा आणि बोलण्यापासून सुरुवात करा. आपल्या मराठीत यासाठी आयती सोय आहे. सकाळी दार उघडलं, अंगण ओलं दिसलं, हे झालं निरीक्षण. आता "रात्री पाऊस पडला असेल", "पाऊस पडला असावा", "पाऊस पडला असणार" ही तीन वाक्यं कुठलीही आजी न शिकता बरोबर जागी वापरते. असेल म्हणजे नुसती शक्यता. असावा म्हणजे काहीतरी खूण दिसतेय. असणार म्हणजे बाकी सगळं तपासून झालंय, दुसरं काही पटत नाही. मी वर्गात नियमच केला होता, 'असेल' म्हणालास तर आणखी एक 'असेल' सांगायचा, 'असावा' म्हणालास तर खूण दाखवायची, आणि 'असणार' म्हणायचं असेल तर बाकीच्या शक्यता कशा कटल्या ते सगळ्यांसमोर सांगायचं. एवढ्यावर मुलं इतकी भांडायला लागतात ना, की तास पुरत नाही.

मग एक खरा प्रयोग घ्या. मला सगळ्यात आवडतो तो गार पाण्याच्या ग्लासाचा, कारण त्याला काहीही लागत नाही आणि मुलांना वाटत असतं की हे आपल्याला माहितीच आहे. स्टीलचा ग्लास, थोडा बर्फ (आमच्याकडे शाळेसमोरच्या सरबताच्या गाडीवरून आणायचो), पाणी, वर झाकण. पाच मिनिटांत ग्लास बाहेरून ओला. काय दिसतंय विचारलं की वर्ग ओरडतो, "ग्लासला घाम आला!" इथे थांबायचं. घाम दिसला का? घाम तर आतून बाहेर येतो, म्हणजे 'घाम' म्हणताना आपण ते पाणी कुठून आलं हेही ठरवून टाकलं. मग कुणीतरी म्हणतं बरं, "बाहेरून पाण्याचे थेंब आहेत", आणि एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी बोलायची नाही, ती म्हणाली, "बाई, पाण्याचेच कशावरून?" मला त्या दिवशी इतका आनंद झाला! शेवटी फळ्यावर वाक्य लिहिलं ते असं, ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला बिनरंगी थेंब आहेत, बोट लावलं की गार आणि ओले लागतात, झाकण होतं तरी आले. हे निरीक्षण.

आता असेल-असेल सुरू. ग्लासातून झिरपलं असेल. झाकणाच्या फटीतून सांडलं असेल. हवेतून आलं असेल (हे बहुतेक क्लासमध्ये ऐकलेलं असतं, कशावरून विचारलं की गप्प). सगळ्या शक्यता फळ्यावर ठेवायच्या, बरोबर कुठली ते अजिबात तोंडावर दाखवायचं नाही, आपल्या भुवया जरी वर गेल्या तरी मुलं ओळखतात.

त्यांना विचारलं की झिरपलं की नाही हे कसं शोधणार, तर एकाने सांगितलं आत कोकम सरबत भरूया. भरलं. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपले, कागद पांढराच. झालं, अर्धा वर्ग म्हणाला झिरपत नाही, सिद्ध झालं. पण एका मुलाच्या घरी माठ होता, तो म्हणाला बाई आमचा माठ बाहेरून ओला असतो आणि तो तर झिरपतोच, खाली ताटली ठेवावी लागते, आणि कशावरून ग्लास पाणी बाहेर सोडत असेल आणि रंग आत गाळून ठेवत असेल? हा प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता आणि तो अगदी रास्त होता. गाळणी पाणी सोडते आणि चहापत्ती ठेवते, मग ग्लास का नाही? म्हणजे आमची रंगाची चाचणी तेवढी पक्की नव्हती.

तेव्हा आम्ही वजनाकडे वळलो, आणि ताई, हा भाग नक्की करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. एका ताटलीत बर्फाच्या पाण्याचा झाकलेला स्टीलचा ग्लास. दुसऱ्या ताटलीत संक्रांतीचं सुगड, रंग न लावलेलं, आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवलेलं, त्याच्यावरही घट्ट झाकण. तिसऱ्या ताटलीत साध्या पाण्याचा तसाच झाकलेला ग्लास, ही तिसरी ताटली मुलांनीच मागितली, "काटाच चुकत असेल तर?" म्हणून. प्रत्येक वेळी ताटलीसकट वजन करायचं म्हणजे खाली ओघळलेला थेंबही मोजला जातो. आणि वजन करायच्या आधी प्रत्येकाने वहीत पेन्सिलने लिहायचं की वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील, आणि कशावरून.

इथे खरी मजा आहे. पाणी जर ग्लासातून झिरपून बाहेर चिकटलं असेल तर ते आतून बाहेर गेलं एवढंच, ताटलीसकट वजन तेवढंच राहायला हवं. बाहेरून कुठून तरी आलं असेल तर वजन वाढायला हवं. अर्ध्या तासाने आमच्याकडे बर्फाचा ग्लास दोन-तीन ग्रॅम वाढला, साधा ग्लास होता तिथेच, आणि सुगड कमी झालं! दोन्ही भांडी बाहेरून ओली, एकाचं वजन वाढतंय, एकाचं उतरतंय. ग्लासावरचं पाणी हवेतून आलं, सुगडाचं पाणी आतून झिरपलं आणि वाफ होऊन हवेत गेलं, म्हणून तर ते गार. निरीक्षण सारखंच, 'बाहेरून ओलं', पण अनुमान दोन्हीकडे अगदी उलटं. माठवाला मुलगा त्याच्या माठाबद्दल बरोबर होता आणि ग्लासाबद्दल चूक होता, आणि हे त्याला मी नाही सांगितलं, काट्याने सांगितलं.

एक लक्षात ठेवा, तुमच्याकडे रायगडला हवा दमट म्हणून ग्लास पटकन ओला होतो. विदर्भात मे महिन्यात हाच प्रयोग केला तर थेंब कमी येतील, पण माठातलं पाणी मात्र तिकडे चांगलं गार होईल, तुमच्याकडे तितकं नाही. असं का, हे मुलांना विचारा, उत्तर आता त्यांच्या हातातच आहे.

प्रश्न : ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून ग्लास उपडा घातला की मेणबत्ती विझते आणि पाणी वर चढतं. आम्ही शिकलो की ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढतं. आता कुणीतरी म्हणतं हे चूक आहे. मग मुलांना काय सांगायचं? – एक शिक्षक, सोलापूर

सर, चूकच आहे, आणि हे चुकीचं अनुमान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय कारण चढलेल्या पाण्याची उंची साधारण जमल्यासारखी वाटते आणि मग कुणी परत नीट बघतच नाही. तुम्ही मुलांना फक्त दोन गोष्टी बघायला सांगा. एक, पाणी कधी चढतं? ऑक्सिजन संपत जाण्याने चढत असतं तर मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला हवं, पण ते बहुतेक सगळं मेणबत्ती विझल्यावर झपकन चढतं. दोन, त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, आतली हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. आता पंचमांश कुठे गेला?

शिवाय ग्लास घालताना कडेने बुडबुडे सुटतात का तेही बघू द्या. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते, मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्वलनात ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि विझेपर्यंत आतला सगळा ऑक्सिजन संपतही नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना एवढं सगळं नाही सांगितलं तरी चालेल, 'झाकल्यावर मेणबत्ती विझली, जळत राहायला नवी हवा लागत असावी' इतकंच पुरे. पण पंचमांश मात्र सांगू नका.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दुपारी तुळशीची पानं मान टाकतात तेव्हा म्हणते "तुळस रुसली". तिला लगेच सुधारावं का? – एक आई, डोंबिवली

नाही हो, लगेच नको. तिने पानं खाली वाकलेली बघितली हेच केवढं मोठं आहे, घरातल्या मोठ्यांपैकी किती जणांनी बघितली असतील? तिला एवढंच विचारा, "रुसली हे तुला कशावरून कळलं?" ती पानं दाखवेल. मग दोघी मिळून तीन वेळा बघा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि एक दिवस पाणी घालून किती वेळात उठते तेही बघा. रुसवा पाण्याने जातो की सावलीत ठेवल्याने, हे ती स्वतःच शोधायला लागेल. शब्द नंतर बदलतो.

प्रश्न : आमची शाळा समुद्राजवळ आहे. ओहोटीला वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मधे छोटं बीळ. मुलं म्हणतात खेकडा बीळ खणतो आणि माती बाहेर टाकतो. मीही तेच सांगत आले. यावरून काही करता येईल का? – एक शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

ताई, अख्खा किनारा तुमची प्रयोगशाळा आहे! मुलांचं म्हणणं ऐकायला अगदी पटतं, पण त्यांना एकच काम द्या. एका बिळाभोवतीच्या सगळ्या गोळ्या हलक्या हाताने गोळा करून एका वाटीत भरा आणि मग बिळाकडे बघा. बीळ पेन्सिलीएवढं आणि वाळू वाटीभर. एवढी सगळी वाळू ह्या एवढ्याशा बिळातून निघाली असेल? बीळ आत किती खोल आहे ते माहीत नाही असं कुणीतरी म्हणेल, तो मुद्दा मान्य करायचा, आणि मग दुसरी खूण शोधायची.

दुसरी खूण म्हणजे गोळ्या कशा पडल्यात. त्या ढिगात नसतात, बिळापासून बाहेर ओळी गेलेल्या असतात, उन्हाच्या किरणांसारख्या. आता सात-आठ फुटांवर सगळ्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, सावली बिळावर पाडायची नाही, दहा मिनिटं बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे पण जमतं. खेकडा बाहेर येतो, इवल्याशा नांग्यांनी वाळू तोंडाकडे नेतो, तोंडापाशी गोळी तयार होते आणि ती तो मागे टाकतो, एक पाऊल सरकतो, पुन्हा तेच. तो जेवतोय! वाळूच्या कणांना चिकटलेलं बारीक खाणं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून देतो. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला नवीन पान.

पण मुलांचं खणायचं म्हणणं सगळंच टाकून देऊ नका. नीट बघितलंत तर बिळाच्या अगदी तोंडाशी काही गोळ्या मोठ्या आणि ओबडधोबड दिसतात, त्या खणून काढलेल्या वाळूच्या. म्हणजे दोन प्रकारच्या गोळ्या, दोन वेगळी कामं. मुलांनी मोठ्या गोळ्या एका कागदावर आणि बारीक दुसऱ्या कागदावर मांडल्या की त्यांचं त्यांनाच बोलता येईल.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण मुलाने काळजीपूर्वक बघून, विचार करून चुकीचं अनुमान काढलं तर मार्क द्यायचे का? आणि शेवटी परीक्षेत एकच उत्तर बरोबर धरतात त्याचं काय? – एक शिक्षक, जळगाव

सर, द्यायचे, आणि का ते एका जुन्या गोष्टीने सांगते. बेल्जियमकडचा यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट नावाचा माणूस, त्याचं काम १६४८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्याने कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून भरली, सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, धूळ पडू नये म्हणून वर भोकं असलेलं पत्र्याचं झाकण ठेवलं. पाच वर्षांनी झाड सुमारे ७७ किलो, आणि माती कमी झाली फक्त ५०-६० ग्रॅम. त्याने अनुमान काढलं की झाड सगळं पाण्यातून झालं. निरीक्षण किती सुंदर, मोजमाप किती चोख, आणि झाड माती खाऊन वाढत नाही हे तर त्याने दाखवूनच दिलं. चुकलं एवढंच की हवेतूनही झाडात काही येत असेल ही शक्यता त्याने मांडलीच नाही, आणि 'गॅस' हा शब्द ज्याने विज्ञानाला दिला तो हाच माणूस! कोळसा जळल्यावर निघणारा वायू त्याला माहीत होता, तो कार्बन डायऑक्साइडच, आणि झाडाला तोच लागत होता. मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा, याला तुम्ही दहापैकी किती द्याल? मी विचारायचे तेव्हा कुणी सातच्या खाली गेलं नाही.

मार्कांचं म्हणाल तर मी तीन भाग करायचे, बघितलेलं आणि मानलेलं वेगळं लिहिलं का, दुसरी शक्यता दिली का, आणि खूण कुठली धरली. उत्तर शेवटी चुकलं तरी या तिन्हीचे मार्क मिळायचे. घटक चाचणीला, तोंडी परीक्षेला, प्रात्यक्षिकाला हे आपल्या हातात असतं. वार्षिक परीक्षेचा पेपर आपल्या हातात नसतो हे मान्य, पण ज्या मुलाने सुगडाचं वजन स्वतः उतरताना बघितलंय त्याला बाष्पीभवनाची व्याख्या पाठ करायला कितीसा वेळ लागणार?

आणि हे फक्त मोठ्या शहरातल्या भारी शाळांना जमतं असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांपासून हे सुरू झालं, पुस्तकात तयार उत्तरं नव्हती, प्रश्न होते, मुलं टोळीने प्रयोग करायची, वहीत स्वतःचं लिहायची आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायची, प्रात्यक्षिकाचीही परीक्षा असायची. खेड्यातल्या सरकारी शाळांत हे पसरत गेलं आणि ३० वर्षं चाललं, २००२ मध्ये सरकारने बंद केलं. बंद झालं याचं मला आजही वाईट वाटतं, पण ३० वर्षं चाललं हेही तितकंच खरं.

वही तपासताना चुकीच्या अनुमानावर फुली मारू नका सर. समासात 'कशावरून?' एवढंच लिहा आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडायला सांगा, मूल पुढच्या आठवड्यात त्या भरून आणेल. आणि सुगडाचा प्रयोग ज्या कुणी कराल त्यांनी गाव, महिना आणि तिन्ही ताटल्यांची आधीची-नंतरची वजनं मला पाठवा, किनाऱ्यावरची, घाटावरची आणि विदर्भातली शेजारी शेजारी ठेवून पुढच्या अंकात छापूया.